नवख्याला खेळात घ्यायचं कसं?

‘स्पेस स्टेशन १३’ हा दिसायला अगदी साधा, पण खेळायला विलक्षण गुंतागुंतीचा संगणकीय खेळ. अंतराळातल्या एका स्थानकावर कितीतरी माणसं एकाच वेळी आपापल्या कामावर असतात. कुणी डॉक्टर, कुणी इंजिनिअर, कुणी आचारी, कुणी सफाई कामगार, एक कॅप्टन, आणि त्यांच्यातच लपलेला एखादा फितूर. नवा माणूस पहिल्यांदा अडतो तो स्वतःच्या हातांपाशी. त्याच्या पात्राला दोन हात असतात आणि एका वेळी त्यांतला एकच ‘चालू’ असतो. चालू हात रिकामा असताना पडलेल्या माणसावर क्लिक केलं तर तुम्ही त्याला हलवून उठवता. त्याच हातात पाना असेल तर पाना त्याच्या डोक्यात बसतो. नवख्याला हा फरक माहीत नसतो. तो मदतीला धावतो, समोरचा आणखी जखमी होतो, आजूबाजूचे त्यालाच फितूर समजतात आणि सुरक्षारक्षक बेड्या घालून त्याला घेऊन जातो. आपलं नेमकं काय चुकलं हे त्याला डाव संपेपर्यंत कळत नाही.

याच स्थानकाला वीज पुरवणारा एक स्फटिक असतो. त्याला हात लावणाऱ्याची जागच्या जागी राख होते. इंजिनिअरने तो नीट थंड ठेवला नाही तर त्याचा स्फोट होतो आणि साऱ्या स्थानकाचा डाव बिघडतो. एकट्याने खेळायच्या खेळापेक्षा हा प्रश्न वेगळा होतो तो इथे. एकट्याच्या खेळात अज्ञानाची किंमत ज्याची त्याने मोजायची असते. भिडूंच्या खेळात ती बाकीच्यांनाही मोजावी लागते. ‘आधी शिकून या, मग खेळायला या’ असं जुने खेळाडू म्हणतात तेव्हा त्यात नुसता तोरा नसतो, त्यांची मोकळी संध्याकाळ पणाला लागलेली असते. पण खेळ कळायची खरी जागा खेळाच्या आतच असेल, तर बाहेर उभ्या असलेल्याने तो शिकायचा कुठे?

या पेचावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ऑनलाइन खेळांनी नाना उपाय करून पाहिले आहेत. पत्ते आणि पटावरचे खेळ तर हे त्याच्या कितीतरी आधीपासून करत आले आहेत. या सगळ्यांकडे पाहिल्यावर माझं जे मत झालं ते आधीच सांगतो. आत येण्यापूर्वी नवख्याला थोडंच शिकवावं, दुसऱ्याचा डाव बिघडू नये इतकंच. बाकीचं शिकणं आत व्हावं, आणि ते एखाद्या छोट्या पण खऱ्या कामावर व्हावं. बहुतेक खेळ नेमकं उलटं करतात. बाहेर सगळं शिकवायला जातात आणि आत गेलेल्याला वाऱ्यावर सोडतात.

सगळ्यात जुना उपाय म्हणजे लिहून ठेवणं. गुंतागुंतीच्या प्रत्येक खेळाभोवती खेळाडूंनी उभारलेला माहितीचा डोंगर असतो. विकीची शेकडो पानं, तासन्‌तासांचे व्हिडिओ, तक्ते, नकाशे. हे काम फुकट, निरलसपणे आणि बरेचदा उत्तम केलेलं असतं. पण नवख्याला ते पहिल्या दिवशी उपयोगी पडत नाही, कारण काय विचारायचं हेच त्याला माहीत नसतं. १९८०च्या दशकात आयबीएममध्ये जॉन कॅरल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्यालयातल्या लोकांना शब्दप्रक्रियेची यंत्रं शिकताना बारकाईने पाहिलं. खेळाशी त्याचा थेट संबंध नाही, पण या प्रश्नावरचं इतकं नेमकं काम मला दुसरं माहीत नाही. लोक जाडजूड पुस्तिका वाचत नव्हते. ते सरळ पत्र लिहायला घेत, अडत आणि मग भलतीकडे जात. कॅरल यांनी यातून दोन गोष्टी केल्या. एक, पुस्तिका छाटून छाटून अगदी लहान केली. दुसरी जास्त महत्त्वाची. खऱ्याच यंत्राची अशी आवृत्ती त्यांनी केली की तिच्यातले नवशिक्याला गोत्यात आणणारे पर्याय पडद्यावर दिसत, पण निवडले तर ‘हे सध्या बंद आहे’ एवढंच उत्तर मिळे. त्यावर शिकलेले लोक पहिलं काम लवकर पुरं करू शकले, चुका निस्तरण्यात त्यांचा वेळ कमी गेला आणि नंतरच्या चाचणीत त्यांची समजही चांगली निघाली. यंत्र खरं होतं, काम खरं होतं, फक्त खड्डे झाकलेले होते. पुढे ज्या उपायांबद्दल मी लिहिणार आहे, त्यांतल्या यशस्वी उपायांचं बीज इथे आहे.

लिखित माहितीची आणखी एक अडचण म्हणजे ती शिळी होते. ‘डोटा २’सारख्या खेळात दर काही महिन्यांनी नियम आणि आकडे बदलतात. दोन वर्षांपूर्वीचा सुंदर व्हिडिओ आज चुकीचा सल्ला देत असतो, आणि ते ओळखण्याइतकं ज्ञान असलेल्या माणसाला तो व्हिडिओ लागतच नाही.

मग खेळ बनवणाऱ्यांनी शिकवणी खेळातच घातली. बाण दाखवायचे, बटण दाबायला लावायचं, शाबासकी द्यायची. ती कितपत उपयोगी पडते यावर २०१२मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी मोठा प्रयोग केला. तीन खेळ, शिकवणीच्या आठ निरनिराळ्या रचना आणि ४५ हजारांहून अधिक खेळाडू. दोन साध्या खेळांत शिकवणी असो वा नसो, लोकांच्या खेळण्यात लक्षणीय फरक पडला नाही, कारण ते धडपडून आपले आपण शिकले. तिसरा खेळ होता ‘फोल्डिट’, प्रथिनांच्या रेणूंना घड्या घालायचा. तिथे शिकवणी मिळालेले लोक २९ टक्क्यांपर्यंत जास्त वेळ खेळले. म्हणजे गुंतागुंत खरी असेल तिथे शिकवणी लागतेच. पण हे तिन्ही खेळ एकट्याने खेळता येणारे होते. भिडूंच्या खेळात याच्या पुढची पायरी आहे आणि ती जास्त उंच आहे.

डोटाचंच उदाहरण घेऊ. पाच विरुद्ध पाच खेळाडू, नायक-नायिका शंभराहून कितीतरी अधिक, आणि प्रत्येकाची कसबं वेगळी. दोन्ही बाजूंचे शिपाई ठरावीक वेळाने रांगेत चालत येतात आणि एकमेकांशी भिडतात. नवखा आनंदाने शत्रूच्या शिपायांवर घाव घालत सुटतो. त्याला हे माहीत नसतं की सोनं मिळतं ते शेवटचा घाव घालणाऱ्यालाच. शिपायाचा जीव अगदी थोडा उरेपर्यंत थांबायचं, हत्यार उगारायला लागणारा क्षणभराचा वेळ हिशेबात धरायचा आणि मग एकच घाव. इतकंच नव्हे, आपला शिपाई मरणार असेल तर आपणच त्याला मारून शत्रूचं सोनं बुडवायचं. सतत घाव घालणाऱ्या नवख्याचे शिपाई पुढे सरकत सरकत शत्रूच्या बुरुजाखाली जातात आणि त्यांच्यामागे तोही जातो. दहा मिनिटांनी त्याचा प्रतिस्पर्धी दुप्पट श्रीमंत असतो. ‘मी तर सगळ्यांना मारत होतो,’ असं त्याला वाटत राहतं.

ही शेवटच्या घावाची कला एकट्याने घोटता येते. डोटामध्ये त्यासाठी सरावाची सोयही आहे. आत येण्यापूर्वी शिकवावं ते असं. हाताची सवय, बोटांची लय, कुठलं बटण कशाचं. पण आपली जागा सोडून सोबत्याच्या मदतीला कधी धावायचं, तो मागे हटत असताना आपणही हटायचं की त्याच्यासाठी वेळ काढायचा, चिडलेल्या भिडूशी काय बोलायचं, हे एकट्याच्या सरावात येणं शक्यच नाही. तिथे दुसरी माणसं लागतात. एप्रिल २०२१मध्ये डोटा बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने नवख्यांसाठी डोटात बरेच बदल केले. नुकतीच नेटफ्लिक्सवर डोटाच्या कथेवरची मालिका आली होती, ती पाहून नवे लोक खेळाकडे वळणार होते. नव्या शिकवण्या आल्या, शब्दांचा कोश आला, निवडक सोप्या नायकांपुरता मर्यादित असा नवख्यांचा खेळ आला. दीडशे पानी यादीतून दहा-पंधरा नावं काढून हातात देण्यासारखं हे काम होतं आणि ते गरजेचंच होतं. तरी त्यानंतरची उडी मोठी राहिली. सोप्या यादीतून बाहेर पडलं की खरी माणसं भेटतात, आणि त्यांची तयारी कुणी केलेली नसते.

मधली पायरी म्हणून यंत्रचलित खेळाडू वापरले जातात, ज्यांना सगळे ‘बॉट’ म्हणतात. इथे मला दोन प्रकार वेगळे करावेसे वाटतात. समोर बॉट आहे हे सांगून दिलेला सराव उत्तम. न सांगता मिसळलेले बॉट मात्र नवख्याची दिशाभूल करतात. पब्जीच्या घराण्यातले मोबाइल खेळ आपल्याकडे गावोगावची पोरं खेळतात, आज बीजीएमआय या नावाने. सुरुवातीच्या सामन्यांत उघड्या मैदानात सरळ रेषेत धावणारे, नेम चुकवणारे शत्रू भेटतात. पोरगं पाच-सात जणांना टिपतं आणि त्याला वाटतं, जमलं. पुढच्या श्रेणीत गेल्यावर झाडाआड निजून वाट पाहणारी माणसं भेटतात आणि उघड्यावर धावायची लागलेली सवय पहिल्याच मिनिटाला अंगाशी येते. त्याला चुकीचा धडा शिकवून वर बढती दिलेली असते. तशाच धर्तीच्या फोर्टनाइटने २०१९मध्ये आपण बॉट घालत असल्याचं जाहीर तरी केलं होतं. माझ्या मते पडद्यावरच्या नावाशेजारी बॉटची खूण दिसली पाहिजे. हरल्याचं दुःख लपवण्यापेक्षा जिंकल्याचं खरं कारण सांगणं नवख्याच्या जास्त हिताचं आहे.

सगळ्यात सुंदर उपाय मात्र संगणकाच्या फार आधीचा आहे. खेळाचे तुकडे करून शिकवायचे नाहीत, अख्खा खेळच लहान करायचा. ‘गो’ हा पूर्व आशियातला काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा खेळ १९ बाय १९ रेघांच्या पटावर खेळतात. नवख्याला त्या पटापुढे बसवलं तर तो हरवतो. म्हणून ९ बाय ९चा पट देतात. नियम तेच, घेरायचं तसंच, जिंकायचं तसंच, पण डाव थोड्या वेळात संपतो आणि पहिल्या चुकीचा परिणाम डोळ्यांसमोर दिसतो. मग १३ बाय १३, मग मोठा पट. जपानचे यासुदा यासुतोशी यांनी मुलांसाठी आणखी लहान दार उघडलं. समोरच्याची एक सोंगटी आधी जो घेरून उचलेल तो जिंकला, एवढंच. शिवाय गोमध्ये कच्च्या खेळाडूला सुरुवातीलाच जादा सोंगट्या देण्याची रीत आहे, नऊपर्यंत. त्यामुळे उस्ताद आणि शिकाऊ एकाच पटावर, दोघांनाही जोर लावावा लागेल असे खेळू शकतात. उस्तादाला मुद्दाम वाईट खेळावं लागत नाही आणि शिकाऊला खोटा विजय मिळत नाही. बरोबरी साधायचा इतका प्रामाणिक मार्ग मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेला नाही.

पत्त्यांतल्या ब्रिजमध्येही असंच आहे. ब्रिजची बोली म्हणजे स्वतंत्र भाषाच. भिडूला आपल्या हातातली पानं केवळ ठरलेल्या बोलींतून कळवायची असतात, आणि शिकणाऱ्यांपैकी कितीतरी जण तिथेच थकून उठतात, पान खेळण्याची मजा चाखण्याआधीच. मिनीब्रिज या रूपात बोली काढून टाकली आहे. प्रत्येकाने आपल्या हातातले गुण मोजायचे. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. पूर्ण जोडात मिळून चाळीस. चौघांनी आपापला आकडा मोठ्याने सांगायचा. ज्या जोडीचे गुण जास्त तिने डाव घ्यायचा, आणि त्यातही ज्याचे जास्त तो खेळणार. भिडूची पानं टेबलावर उघडी मांडली जातात, ती पाहून हुकूम आणि लक्ष्य ठरवायचं, आणि पुढचा खेळ थेट ब्रिजचा. नवखा पहिल्याच बैठकीत ब्रिजचा गाभा खेळतो. कुठला रंग आधी उतरायचा, हुकूम कधी काढून घ्यायचा, कुठला हात मुद्दाम सोडायचा. बोली नंतर येते, आणि तेव्हा ती कशासाठी आहे हे त्याला कळलेलं असतं.

महाराष्ट्रातल्या घरांना हे नवं वाटायचं कारण नाही. सुट्टीत मेंढीकोट खेळलेल्या मुलाला रंग पाळणं, हुकमाने कापणं, समोर बसलेल्या भिडूचा हात चालू असताना वरचं पान वाया न घालवणं, हे कुणी वेगळं शिकवलेलं नसतं. चार दश्श्यांच्या मागे धावताना ते अंगात मुरतं. त्याआधी पाच-तीन-दोन, त्याहीआधी झब्बू आणि बदाम सात. ही शिडी कुणी आखली नाही, पण तिची प्रत्येक पायरी हा पुरता खेळ आहे. आपल्या वयाला झेपेल तेवढा, आणि खरोखर हरता-जिंकता येईल असा. ऑनलाइन खेळांच्या शिकवण्या बहुतेक वेळा याच कसोटीवर कमी पडतात. त्यांत हरता येत नाही, त्यामुळे जिंकल्यालाही चव नसते.

आता दारावरच्या परीक्षांकडे. व्हॅटसिम हे २००१ साली सुरू झालेलं आभासी विमानोड्डाणाचं जाळं. घरच्या संगणकावर विमान चालवायचं आणि हवाई नियंत्रक म्हणून दुसऱ्या कुठल्या तरी घरातला स्वयंसेवक खरा आवाज देणार. इथे नव्या सदस्याला जोडलं जाण्याआधी प्राथमिक पाठ वाचून छोटी परीक्षा द्यावी लागते. नियंत्रक व्हायचं तर प्रशिक्षकाच्या हाताखाली एकेक पायरी चढत जावं लागतं. गर्दीच्या संध्याकाळी एकाच माणसाने धावपट्टी अडवून धरली तर मागे वीस विमानं घिरट्या घालत राहतात, तेव्हा ही अट मला वाजवी वाटते.

त्याहून विचारपूर्वक केलेली योजना ‘आयरेसिंग’ या मोटारशर्यतींच्या खेळाची आहे. २००८पासून तिथे प्रत्येक नवा चालक सगळ्यात खालच्या परवान्यावर सुरुवात करतो. वर जायला शर्यती जिंकाव्या लागत नाहीत. मोजला जातो तो उपद्रव. चाकं रस्त्याबाहेर गेली की एक गुण, गाडीवरचा ताबा सुटला की दोन, दुसऱ्या गाडीला जोरात धडक दिली की चार. किती वळणांमागे असे किती गुण पडले यावर सुरक्षिततेची पातळी ठरते आणि ती सुधारली की वरचा परवाना. वेगाचं मोजमाप वेगळं ठेवलेलं आहे. संथ पण सांभाळून चालवणारा माणूस वर जातो, भन्नाट वेगाने चालवून दुसऱ्यांना ठोकणारा खाली राहतो. दारावर नेमकं काय तपासावं याचं याहून स्वच्छ उत्तर मला माहीत नाही. नवख्याला किती येतं ते विचारू नये, त्याच्यामुळे इतरांना किती त्रास होतो तेवढंच पाहावं. ज्ञानाची लांबलचक प्रश्नपत्रिका ठेवणारे गट शेवटी पाठांतर करणारे लोक गोळा करतात.

‘स्पेस स्टेशन १४’ या नव्या अवतारात अशीच एक सोय आहे. कॅप्टनसारखी जबाबदारीची कामं नवख्याला लगेच मिळत नाहीत, ठरावीक तास खेळल्यावर ती खुली होतात. जुन्या खेळात तर ‘असिस्टंट’ नावाचं कामच नवख्यासाठी आहे. त्याच्यावर कसलीच जबाबदारी नाही. त्याने हिंडावं, पाहावं, कुणाच्या तरी हाताखाली उभं राहावं. आपल्या गल्लीतल्या खेळांत धाकट्या भावंडाला ‘कच्चा लिंबू’ म्हणून घेतात तसंच हे. तो सगळ्यांबरोबर पळतो, ओरडतो, पकडलाही जातो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. दोन-चार महिन्यांत तो पक्का झालेला असतो आणि तो नेमका कधी पक्का झाला हे कुणालाच सांगता येत नाही.

पण कच्च्या लिंबूच्या व्यवस्थेतही एक उणीव आहे. त्याची गरज कुणाला नसते. तो आला नाही तर खेळ अडत नाही, आणि हे त्यालाही ठाऊक असतं. याच्या पुढचं पाऊल पाहायचं तर ‘इव्ह ऑनलाइन’कडे जावं लागतं.

आइसलँडच्या सीसीपी कंपनीने मे २००३मध्ये सुरू केलेला हा खेळ शिकायला अवघड म्हणून जगभर कुप्रसिद्ध आहे. खेळाडू त्याच्या शिकण्याच्या आलेखाचं चित्र उंच कड्यासारखं काढतात, वरून कोसळणाऱ्या माणसांसकट. हजारो खेळाडू एकाच अंतराळविश्वात असतात. तिथे बुडालेलं जहाज कायमचं बुडतं. कसबं खऱ्या वेळेनुसार वाढतात, तुम्ही खेळत नसतानाही, त्यामुळे पाच वर्षं जुन्या माणसाला नुसत्या मेहनतीने गाठणं फार अवघड असतं. कागदावर पाहिलं तर अशा ठिकाणी नवख्याला काही स्थानच असू नये. तरी आहे, आणि ते असं. लढाईत शत्रूचं मोठं, महागडं जहाज संकटात सापडलं की झेप घेऊन पळून जातं. ते पळू नये म्हणून कुणीतरी त्याच्याजवळ जाऊन त्याची झेप रोखणारं यंत्र लावून धरावं लागतं. त्यासाठी मोठं जहाज लागत नाही. एक चिमुकली, चपळ, स्वस्त फ्रिगेट पुरते आणि ती चालवायचं कसब थोड्या दिवसांत येतं. नवखा जिवावर उदार होऊन जवळ जातो, यंत्र लावतो, मागून ताफा येईपर्यंत अर्धं-पाऊण मिनिट धरून ठेवतो. बहुतेकदा त्याची फ्रिगेट उडते, आणि संघ त्याला दुसरी फुकट देतो. पण ते अजस्र जहाज पडलं ते त्याच्यामुळे, आणि हे सगळ्यांना माहीत असतं.

काम स्वस्त, शिकायला सोपं, चुकलं तरी नुकसान थोडं, आणि तरीही ताफ्याला हवंच असलेलं. नवख्यासाठी यापेक्षा चांगली जागा कुणी मुद्दाम आखूनही देऊ शकलं नसतं. मानववंशशास्त्रज्ञ जीन लेव्ह यांनी एटिएन वेंगर यांच्यासोबत १९९१मध्ये उमेदवारीवर एक छोटं, फार महत्त्वाचं पुस्तक लिहिलं. त्यात लायबेरियातल्या शिंप्यांचं उदाहरण आहे. शिकाऊ पोरगा कापड कापण्यापासून सुरुवात करत नाही. आधी बटणं लावतो, कडा दुमडून शिवतो, मग शिलाई, आणि कापणं सगळ्यात शेवटी, कारण कापताना चुकलं तर कापड वाया जातं. पण पहिल्या दिवशी त्याने लावलेलं बटण खऱ्या गिऱ्हाइकाच्या खऱ्या कपड्याला असतं. इव्हमधला फ्रिगेटवाला नवखा नेमक्या याच जागी उभा आहे.

या खेळात शिकवणाऱ्या संस्थाही खेळाडूंनीच उभ्या केल्या. इव्ह युनिव्हर्सिटी २००४पासून चालू आहे. आवाजी वर्ग, मोठी विकी, सरावाच्या मोहिमा, आणि सगळं विनामूल्य. तिच्यावर इतर संघ वेळोवेळी युद्ध पुकारत आले आहेत, त्यामुळे युद्धकाळात कसं वागायचं हाही तिथल्या अभ्यासक्रमाचाच भाग झाला. २०१३मध्ये निघालेल्या ‘ब्रेव्ह न्यूबीज’ या संघाने तर उलटीच वाट धरली. शिकून झाल्यावर लढायचं असं नाहीच, पहिल्या दिवसापासून हरत हरत लढायचं. कंपनीने काही आरंभीच्या नक्षत्रप्रदेशांत नवख्यांना त्रास देण्यावर बंदी घातलेली आहे. हे कुंपण लहान आहे आणि ते लहान आहे हेच योग्य.

कारण सीसीपीने २०१५च्या आपल्या वार्षिक मेळाव्यात एक चकित करणारी गोष्ट मांडली. सुमारे ८० हजार नव्या खेळाडूंचे पहिले पंधरा दिवस त्यांनी तपासले होते. नवख्यांना दरोडेखोर लुटतात म्हणून ते खेळ सोडतात, असा सगळ्यांचा समज. आकडे उलट निघाले. ज्यांचं जहाज कुणीतरी पाडलं होतं ते, कुणीच न छेडलेल्या नवख्यांपेक्षा जास्त टिकले. यावरून नवख्यांना बडवावं असा अर्थ काढणं चूक ठरेल, कारण जो धाडसाने दूरवर हिंडतो तोच मार खातो आणि टिकायचीही त्याचीच शक्यता जास्त. पण दुसरी बाजू नाकारता येत नाही. गळालेल्यांतले बहुतेक जण असे होते की पहिल्या पंधरवड्यात त्यांना कुणी मारलंच नव्हतं. त्यांच्यापैकी कितीकांना तिथे दुसरं माणूस म्हणून कुणी भेटलं असेल, हा प्रश्न मला छळतो.

माणूस भेटणं म्हणजे चांगला माणूस भेटणं असं मात्र नाही. डोटाच्याच धर्तीच्या ‘लीग ऑफ लेजंड्स’मध्ये विरोधी संघांमधल्या गप्पा आधी आपोआप सुरू असत आणि त्यांतल्या ८० टक्क्यांहून अधिक गप्पा वाईट असल्याचं खेळाडूच सांगत. तो खेळ बनवणाऱ्या रायट कंपनीने तेव्हा गप्पा बंद केल्या नाहीत. फक्त ज्याला हव्या त्याने त्या स्वतः सुरू कराव्यात असं केलं. आठवड्याभरात वाईट बोलणं ३० टक्क्यांहून जास्त घटलं आणि चांगलं बोलणं वाढलं. एका छोट्या कळीने एवढं होत असेल तर नवख्यांच्या रांगेत तीच सोय हवी. दुसरा त्रास आहे वेश पालटून येणाऱ्या उस्तादांचा. पक्के खेळाडू नवं खातं काढून नवख्यांच्यात उतरतात आणि सहज जिंकतात. सप्टेंबर २०२३मध्ये व्हॉल्व्हने डोटातली अशी ९० हजार खाती बंद केली, यावरून रोगाचा पसारा कळतो. जुन्या खेळात खरे नवखे आधीच थोडे असतात. त्यांच्या रांगेत असे लोक शिरले की ती रांग नवख्यांची राहतच नाही.

आपल्याकडे २०००नंतरच्या दशकात पुण्या-मुंबईतली मुलं सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक शिकली ती शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाकडून. ‘अरे, तिकडून नको जाऊ, तिथे तो बसलेला असतो,’ हे वाक्य वेळेवर मराठीत कानावर पडायचं. आज पोरगं घरी एकटं मोबाइलवर असतं, आणि सूचना इंग्रजीत किंवा हिंदीत. मराठीत लिहिलेली नवख्यांसाठीची नीट पानं फार तुरळक आहेत. मित्रांनी आपल्या चौकडीत घेतलं तर ते शिकतं, नाहीतर अनोळखी माणसांच्या शिव्या ऐकतं. ज्यांना हे खेळ येतात त्यांनी डोटाची किंवा इव्हची दहा पानं साध्या मराठीत लिहिली तर ते मोठं काम होईल. पण त्याहून मोठं काम म्हणजे आठवड्यातून एखादी संध्याकाळ त्याच पोराच्या कानात बोलत बसणं.

आणि अशी संध्याकाळ जुन्या खेळाडूने का द्यावी, या प्रश्नाला सगळ्यात व्यवहारी उत्तर ‘फायनल फँटसी १४’ने दिलेलं आहे. नव्या खेळाडूच्या नावापुढे हिरवा कोंब दिसतो, म्हणजे सगळ्यांना आधीच कळतं. जुन्या खेळाडूंना रोजची बक्षिसं मिळवायची तर सुरुवातीच्या मोहिमांतही उतरावं लागतं, आणि तिथे त्यांची ताकद त्या पातळीपुरती उतरवली जाते. संघात कुणी ती मोहीम पहिल्यांदाच करत असेल तर सगळ्यांना जादा बक्षीस. त्यामुळे अनोळखी नवखा आला की कपाळाला आठ्या पडण्याऐवजी स्वागत होतं. २०१६मध्ये त्यांनी नवख्यांसाठी सरावाचं सभागृह आणि जुन्यांशी बोलायची वाहिनीही सुरू केली. वाहिनीचं बऱ्याच ठिकाणी जुन्यांच्याच गप्पांत रूपांतर झालं. बक्षिसाची योजना मात्र टिकली, कारण तिला कुणाच्या चांगुलपणावर विसंबावं लागत नाही.

डोटामध्ये प्रशिक्षकाची सोय आहे. जाणता खेळाडू शिकणाऱ्याच्या पडद्यावर जे दिसतं तेच पाहतो, फक्त त्याच्याशी बोलू शकतो आणि नकाशावर रेघ ओढून दाखवू शकतो. सायबर कॅफेतल्या शेजारच्या खुर्चीच्या इतकं जवळ जाणारं दुसरं साधन मी कुठल्या खेळात पाहिलेलं नाही. ही सोय फारशी वापरली जाताना मला दिसत नाही, कारण प्रशिक्षकाला त्या तासाचं फारसं काही मिळत नाही. फायनल फँटसीचा हिशेब इथे लावून पाहायला हवा. शिकवलेल्याने पुढचे दहा सामने पूर्ण खेळले तर प्रशिक्षकाला बक्षीस, आणि ते जिंकण्यावर नाही, टिकण्यावर.